काढा, अर्क आणि फ्लूचा विषाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की फ्लूचे रुग्ण वाढतात आणि माझ्याकडे येणारे फोनही वाढतात. "अडुळशावर काही संशोधन झालंय का हो?", "तुळशीने स्वाइन फ्लूचा एच१एन१ मरतो असं व्हॉट्सॲपवर आलंय, खरं का?", "आमच्याकडे एक पाला आहे, तपासून मिळेल का?" मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं वनस्पतींचे अर्क विषाणूंवर तपासण्याच्या कामात आहे. माझं आजोळ तळकोकणातलं. अडुळसा, गवती चहा, कोकम हे सगळं मी पुस्तकात वाचण्याआधी परसात पाहिलं. या झाडापाल्यावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याची परीक्षा कडक व्हावी असं मला वाटतं. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

सर्दी आणि फ्लू एकच ना?

नाही, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. साध्या सर्दीमागे बहुधा ऱ्हायनोव्हायरस असतो आणि त्याचेच शंभरावर प्रकार आहेत. फ्लू होतो तो इन्फ्लुएंझा ए किंवा बी या विषाणूंमुळे. सर्दी हळूहळू चढते. फ्लूचा माणूस मात्र सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळी अंथरुणात असतो. ताप, थंडी, अंग मोडून येणं, डोळे हलवले तरी दुखणं, कोरडा खोकला.

१९१८ च्या साथीला महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणत. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी तो आजार जवळून पाहिला होता. जूनमध्ये ती मुंबईत शिरली आणि सप्टेंबरपासून तिचा खरा तडाखा बसला. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. हे कशामुळे होतंय ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात वाढवून पहिल्यांदा हाती लागला. म्हणजे १९१८ मध्ये दिलेल्या कोणत्याही काढ्याची 'विषाणूवर' परीक्षा होणं शक्यच नव्हतं.

काढा घेतला आणि तीन दिवसांत बरा झालो. हा पुरावा नाही का?

तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे, पण तो पुरावा नाही. धडधाकट माणसाचा फ्लूचा ताप औषध न घेताही साधारण तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला मात्र दोन आठवडे रेंगाळतो. आपण काढा घेतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येणारच असतो. काढा न घेतलेली तशीच माणसं शेजारी असल्याशिवाय उतार कशाने आला ते सांगता येत नाही.

काढा आणि अर्क यांत फरक काय?

काढ्यात वनस्पती पाण्यात उकळून आटवतात. अर्क म्हणजे कोणत्याही द्रावकात उतरलेला भाग, द्रावक उडवून गोळा केलेला. हा द्रावक पाणी असेल, इथेनॉल किंवा मिथेनॉल ही अल्कोहोलं असतील, हेक्झेन हे पेट्रोलसारखं द्रव्यही असेल. प्रत्येक द्रावक झाडातून वेगळी द्रव्यं ओढून काढतो, त्यामुळे एकाच पानाचे चार अर्क चार स्वभावांचे निघतात. पाण्यात साखरा, मीठं आणि टॅनिनं ही तुरट द्रव्यं उतरतात. हेक्झेनमध्ये मेण आणि तेलकट भाग. अल्कोहोल दोन्हीकडचं थोडं थोडं घेतं.

द्रावकाने किती फरक पडतो याचं सर्वांत मोठं उदाहरण चीनचं आहे. तू योयो आणि त्यांचे सहकारी हिवतापावर जुन्या चिनी औषधांतून शोध घेत होते. छिंगहाव या वनस्पतीचे उकळून काढलेले अर्क कधी चालत, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात त्यांना पाठ सापडला : मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा असं त्यात कुठेच नव्हतं. उष्णतेने गुण जात असावा असं धरून त्यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये तो अर्क उंदरांच्या हिवतापावर पूर्ण लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं, २०१५ मध्ये नोबेल आलं. परंपरेचा मजकूर बारकाईने वाचला तर प्रयोग कसा सुधारतो ते मी दरवर्षी याच गोष्टीवरून शिकवते.

यातून उलटी गोष्टही कळते. ज्या पेपरात मिथेनॉलचा अर्क वापरला आहे, त्याचा निकाल तुमच्या पातेल्यातल्या काढ्याला लागू होत नाही. तुम्ही मिथेनॉल पीत नाही. ते विष आहे.

झाड तेच आहे, हे कसं ठरवता?

हा प्रश्न लोक फार कमी विचारतात, पण सगळं काम या पायावर उभं असतं. बाजारातून 'गुळवेल' म्हणून आणलेली कांडी खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची असते का? तिच्यासारखी दिसणारी, त्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी आहे. म्हणून चाचणीआधी फुलाफळांसकट नमुना दाबून, वाळवून वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यायची. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम ही त्यासाठीची माहितीतली ठिकाणं. तिथे नमुन्याला क्रमांक मिळतो. पेपरात तो क्रमांक नसेल तर मी पुढचं वाचताना हात राखूनच वाचते.

झाड बरोबर असलं तरी पान कोणत्या महिन्यात तोडलं, सावलीत वाळवलं की उन्हात, किती दिवस साठवलं याने द्रव्यं बदलतात. म्हणून प्रत्येक खेपेच्या अर्काचा रासायनिक ठसा घेऊन ठेवतात. काचपट्टीवर रंगीत पट्टे उमटतात आणि पुढच्या खेपेचे पट्टे त्यांच्याशी जुळवून पाहतात.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

सविस्तर सांगते, कारण 'लॅबमध्ये सिद्ध झालं' या शब्दांमागे काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर यायला हवं.

विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. फ्लूसाठी जगभर एमडीसीके नावाच्या पेशी वापरतात. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी या संशोधकांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून त्या वेगळ्या केल्या आणि आजही त्याच वंशाच्या पेशी आमच्या इन्क्युबेटरमध्ये वाढतात. दुसरा जुना मार्ग म्हणजे नऊ ते अकरा दिवस उबवलेली कोंबडीची अंडी.

पहिला प्रयोग विषाणूविना असतो. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशींचा थर वाढवायचा, त्यावर अर्क उतरत्या मात्रेत घालायचा आणि पेशी किती जगतात ते पाहायचं. ज्या मात्रेला निम्म्या पेशी मरतात ती सीसी५०. अर्क पेशींनाच मारत असेल तर विषाणू वाढणार नाहीच, कारण घरच राहिलेलं नसतं. ही पायरी गाळून 'विषाणू थांबला' म्हणणं साफ चूक.

मग विषाणू आणतात. पेशींवर ठरावीक मात्रेत विषाणू घालायचा, सोबत अर्क, आणि वर अगारोज या जेलीसारख्या पदार्थाचा पातळ थर, म्हणजे विषाणू दूरवर पसरत नाही, शेजारच्या पेशीतच जातो. फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी स्वतःच्या अंगावरच्या प्रथिनाची एक कापणी करून घ्यावी लागते, ती आपल्या श्वसनमार्गातले एन्झाइम करतात. प्लेटमध्ये ती सोय नसते, म्हणून प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन बेताने घालतो. तीन दिवसांनी जांभळा रंग ओतला की जिवंत पेशींचा थर जांभळा होतो आणि जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे स्वच्छ गोल भोकं दिसतात. त्यांना प्लाक म्हणतात. अर्क नसलेल्या खळग्यात ऐंशी आणि अर्क असलेल्या खळग्यात चाळीस भोकं आली तर त्या मात्रेला निम्मा अटकाव झाला. ती मात्रा म्हणजे ईसी५०.

सीसी५० ला ईसी५० ने भागलं की निवड निर्देशांक मिळतो. विषाणूला थांबवायला लागणारी मात्रा पेशीला मारणाऱ्या मात्रेपासून किती लांब आहे, ते तो सांगतो. साधारणपणे दहाच्या वर आकडा असेल तर पुढे जायला हरकत नाही असं धरतात. दोन-तीन आला तर मी विद्यार्थ्यांना दुसरं झाड घ्यायला सांगते.

'हिमॅग्लुटिनेशन' म्हणजे काय? प्रत्येक पेपरात हा शब्द असतो.

१९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आलं की फ्लू वाढवलेल्या अंड्यातल्या द्रवात कोंबडीच्या तांबड्या पेशी मिसळल्या की त्या एकमेकींना चिकटतात. विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एच१एन१ मधलं 'एच', पेशीवरच्या सायलिक आम्ल या साखरेसारख्या द्रव्याला धरून ठेवतं. एक विषाणू दोन पेशींना धरतो, दुसरा आणखी दोघींना, आणि जाळं तयार होतं.

प्लेटमध्ये हे साध्या डोळ्यांनी दिसतं. खळग्यात विषाणू नसेल तर तांबड्या पेशी घसरत तळाशी येतात आणि लालबुंद ठिपका जमतो, बटणासारखा. विषाणू असेल तर ठिपका होत नाही, तळभर फिकट गुलाबी पापुद्रा पसरतो. शंका आली तर प्लेट तिरकी धरायची. ठिपका असेल तर त्यातून अश्रूसारखा ओघळ खाली येतो, पापुद्रा जागचा हलत नाही. पहिल्यांदा तो ओघळ उतरताना पाहिल्यावर विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात. माझाही खुलला होता.

विषाणू आणि अर्क एकत्र ठेवूनही ठिपका पडला, तर अर्काने ती पकड सोडवली असावी असा अंदाज करतात. 'असावी' हा शब्द महत्त्वाचा आहे.

असावी का? ठिपका दिसला म्हणजे झालं ना?

नाही. वनस्पतींच्या अर्कात फसवणारी द्रव्यं भरपूर असतात आणि हा भाग मला सर्वांत जास्त सांगावासा वाटतो.

कच्ची सुपारी चावली की तोंड आवळून येतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतं म्हणून. प्लेटमध्येही तेच होतं. हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल यांच्या अर्कातलं टॅनिन विषाणूच्या प्रथिनांना चिकटतं, तसंच ते समोर येईल त्या कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने डाळिंबाच्या सालीचा अर्क लावला. घेतलेल्या प्रत्येक मात्रेला प्लाक गायब. आम्ही दोघी संध्याकाळी उशिरापर्यंत प्लेट पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत होतो. दुसऱ्या आठवड्यात तोच प्रयोग थोडं सीरम, म्हणजे रक्तातली प्रथिनं, घालून केला आणि भोकं जवळपास पहिल्याइतकीच परत आली. टॅनिनला चिकटायला दुसरं काही मिळालं, त्याने विषाणू सोडला. शरीरात तर प्रथिनांचा समुद्र आहे. तिने लिहायला घेतलेला पेपर बाजूला ठेवला आणि हा सीरमचा प्रयोग आपल्या प्रबंधात पूर्ण पान देऊन मांडला. त्या पानाचा मला आजही अभिमान आहे.

रिठा आणि शिकेकाईतली सॅपोनिनं फेस करतात तशीच पेशींची आवरणंही फोडतात. खळग्यात ठिपका नाही, पापुद्रा नाही, नुसतं लाल पारदर्शक पाणी दिसलं तर तांबड्या पेशी फुटल्या. विषाणूचं आवरणही फुटलं असेल, पण साबणानेही फुटतं. हात धुवायला उत्तम, पिण्याचं औषध म्हणून नव्हे.

आमसुलाचा अर्क आंबट असतो. पेशींच्या माध्यमातला गुलाबी रंग क्षणात पिवळा पडला की समजावं आम्लता वाढली. फ्लूचं हिमॅग्लुटिनिन पाचच्या आसपासच्या पीएचला कायमचं वाकडं होतं, मग ते काही धरू शकत नाही. यात कोकमाचा गुण कुठला, लिंबू पिळलं असतं तरी हेच झालं असतं. अर्काचा पीएच आधी जुळवून घेतल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही.

हळद तर रंगाचीच राणी. करक्युमिन स्वतः पिवळं, स्वतः चमकणारं, शिवाय अनेक प्रथिनांना अंदाधुंद चिकटणारं. प्रकाश मोजून निकाल देणाऱ्या चाचण्यांत ते यंत्रालाच चकवतं. पेशी जिवंत आहेत का ते पाहण्याच्या एमटीटी चाचणीतही असाच धोका आहे. तिच्यात जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचा जांभळा रंग करतात. कित्येक अर्क पेशी नसतानाच त्या रसायनाचा जांभळा रंग करून टाकतात आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. म्हणून पेशी न घातलेले, फक्त अर्काचे खळगे प्रत्येक प्लेटवर हवेतच.

अडुळशावर काय झालंय ते सांगा ना.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत अडुळशाच्या पानांचे अर्क इन्फ्लुएंझावर तपासले गेले आणि २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. मिथेनॉलच्या अर्काने दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम या मात्रेला हिमॅग्लुटिनेशन पूर्ण थांबवलं, पाण्याच्या अर्काचा परिणाम बराच कमी होता. आपल्या मातीतल्या वनस्पतीवर, आपल्या शहरात हे काम झालं याचं मोल आहे.

आता ती मात्रा हातात घेऊन पाहा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम म्हणजे पाच लिटरला ५० ग्रॅम कोरडा अर्क, आणि तोही सगळा रक्तात पोचलेला. वाळलेल्या पानांच्या वजनाच्या दहा-वीस टक्के अर्क निघतो असं धरलं तर त्यासाठी पाव ते अर्धा किलो वाळलेली पानं लागतील. पोटातून इतकं शोषलं जात नाही आणि गेलं तर सोसणारही नाही. म्हणून असा निकाल म्हणजे 'यात काहीतरी आहे, ते कोणतं द्रव्य आहे ते शोधा' अशी खूण आहे.

अडुळशाचं खरं यश खोकल्याच्या बाजूला आहे. त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. आज अनेक खोकल्याच्या सिरपांत ते असतं. विषाणूला हात न लावताही वनस्पती रुग्णाच्या उपयोगी पडते ती अशी.

अर्क विषाणूला कुठे अडवतो ते कसं कळतं?

वेळ बदलून. एका प्लेटमध्ये अर्क आधी पेशींना देतात, एकीत विषाणूसोबत, एकीत विषाणू आत शिरल्यावर दोन, चार, सहा तासांनी. सोबत दिल्यावरच चालला तर तो दारातच अडवतो. उशिरा दिला तरी चालला तर आतल्या वाढीवर किंवा बाहेर पडण्यावर त्याचा असर आहे. रुग्ण येतो तो विषाणू आत शिरल्यावर, म्हणून या दुसऱ्या प्रकारचा अर्क सापडला की मला जास्त आनंद होतो.

टॅमिफ्लू चक्रीफुलापासून बनतं म्हणतात. मग मसाल्यातलं चक्रीफूल खाल्लं तर?

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. टॅमिफ्लू म्हणजे ओसेल्टामिव्हिर. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि ते बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल प्रामुख्याने चीन-व्हिएतनामकडच्या चक्रीफुलातून, म्हणजे आपल्या बाद्यानातून काढत. पुढे जिवाणूंकडून आंबवूनही ते मिळवू लागले.

पण शिकिमिक आम्ल फ्लूला काहीच करत नाही. ते फक्त सुरुवातीचा सांगाडा आहे, त्यावर रसायनशास्त्रज्ञ बऱ्याच पायऱ्यांनी काम करतात तेव्हा विषाणूच्या न्युरामिनिडेजच्या, म्हणजे 'एन'च्या, खाचेत बसणारा रेणू घडतो. चक्रीफूल मसाल्यात घाला, खुशाल घाला. फ्लूचं औषध म्हणून मात्र नको, आणि लहान बाळाला त्याचा चहा तर मुळीच नको. जपानी चक्रीफूल, ज्याच्या 'शिकिमी' या नावावरून त्या आम्लाला नाव मिळालं, ते विषारी आहे आणि दिसायला जवळजवळ तसंच असतं.

उंदरांवर यश आलं की औषध तयार समजायचं का?

नाही. माणसाचा फ्लू उंदराला सहसा नीट होतही नाही. उंदरात पुन्हा पुन्हा वाढवून सवय लावलेले विषाणू वापरावे लागतात, १९३४ चा प्वेर्तो रिकोचा विषाणू त्यांतला फार वापरलेला. फेरेटला मात्र माणसासारखाच ताप येतो, शिंकाही येतात. पेपर वाचताना एकच गोष्ट पाहा : अर्क संसर्गाच्या आधी दिला की नंतर? आधी देऊन उंदीर वाचले हा निकाल ताप आलेल्या माणसाच्या कामाचा नाही.

माणसांवर चाचण्या झाल्यात का?

झाल्या आहेत, आणि निकाल संमिश्र आहेत.

२००९ च्या साथीत चीनमधल्या ११ रुग्णालयांत सौम्य एच१एन१ च्या ४१० रुग्णांचे चार गट केले. एकाला ओसेल्टामिव्हिर, एकाला माशिंगशिगान-यिनच्याओसान हा बारा घटकांचा पारंपरिक काढा, एकाला दोन्ही आणि एकाला काहीच नाही. ताप उतरायला लागलेला मध्यक वेळ अनुक्रमे २०, १६, १५ आणि २६ तास. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्या विभागात त्यावर खूप चर्चा झाली. काढा चांगला उतरला यात शंका नाही. पण कोणाला काय मिळतंय ते रुग्णांना ठाऊक होतं, खोटा काढा कोणालाच दिला नव्हता, आणि मोजला तो ताप. त्या काढ्यात ताप उतरवणाऱ्या वनस्पती आहेतच. विषाणू कमी झाला का, हा प्रश्न वेगळा.

युरोपातल्या एल्डरबेरी या फळाची गोष्ट उलटी. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत ती चार दिवस आधी बरं करते असं दिसलं, बाजारात सिरपं आली. मग अमेरिकेत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही अंधारात ठेवून, खोटं सिरप देऊन केलेल्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. ८७ रुग्ण, आणि फायदा दिसला नाही.

जपानमध्ये माओतो हा चार वनस्पतींचा काढा डॉक्टर फ्लूसाठी लिहून देतात, विमाही त्याचे पैसे भरतो. तिथल्या तुलनात्मक चाचण्या मात्र लहान आहेत.

आणि न्यायाने हेही सांगायला हवं की टॅमिफ्लूही चमत्कार नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात मोठ्यांमध्ये लक्षणं सरासरी १७ तासांनी लवकर कमी झाली इतकंच दिसलं.

भारतात एखाद्या औषधाची मानवी चाचणी झाली असं कोणी म्हटलं तर सीटीआरआय, म्हणजे भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत शोधा. १५ जून २००९ पासून चाचणीची नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते.

आयुर्वेदात विषाणू ही कल्पनाच नाही. मग विषाणूवर तपासणं अन्यायाचं नाही का?

हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. वैद्य ज्याला वातश्लेष्मिक ज्वर म्हणतात त्याची चिकित्सा ताप, कफ, अग्नी, बल यांकडे पाहून होते. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या आयुष क्वाथ या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी ४:२:२:१ प्रमाणात असतात. त्यातली एकटी तुळस काढून कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर टाकली आणि काही झालं नाही, तर तो काढा निकामी ठरत नाही. काढ्याचा उपयोग घसा शेकण्यात, पोटात पाणी जाण्यात, झोप लागण्यात असेल. तो रुग्णांवरच मोजावा लागेल.

पण ज्या क्षणी पुड्यावर 'विषाणूनाशक' छापलं जातं, त्या क्षणी विषाणूवरची परीक्षा लागू होते. तिथे परंपरेची ढाल पुढे करता येणार नाही.

'९९ टक्के विषाणू नष्ट' असं लिहिलेलं असतं ते?

दहा लाख कणांतले ९९ टक्के गेले तरी दहा हजार उरतात आणि ते काही तासांत पुन्हा वाढतात. शिवाय ते कुठे नष्ट झाले ते पाहा, काचेवर की पोटात.

२००९ मध्ये पुण्यात सगळे कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत होते. उपयोग झाला का?

देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. त्या आठवड्यात शहर किती घाबरलं होतं ते मी पाहिलं आहे. रुमालात निलगिरी, खिशात पुरचुंडी. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हवेतून आलेला विषाणू त्याने अडत नाही. लहान मुलांपासून कापूर लांब ठेवा. पोटात गेला तर झटके येतात.

पण झाडपाल्याचा अपाय तर होत नाही ना?

होतो. ज्येष्ठमध बरेच दिवस, भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. माओतोतल्या एफेड्रा या वनस्पतीने छाती धडधडते. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही असा आक्षेप घेतला. दोन्ही बाजू वाचल्यावर मला वर लिहिलेला नमुन्याचा क्रमांकच आठवला.

काढा चालू असताना डॉक्टरांनी टॅमिफ्लू दिलं तर?

डॉक्टरांना काढ्यात काय काय आहे ते सांगा आणि गोळी थांबवू नका. ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर तिचा उपयोग जास्त. गरोदर बाई, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, पासष्टीपुढचं माणूस, अगदी लहान मूल यांना घरगुती उपायांवर वाट पाहत ठेवू नका. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, ग्लानी, उतरून पुन्हा चढलेला ताप, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला हे करायचंय. कॉलेजात जमेल?

हंगामी फ्लूसाठीसुद्धा जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची प्रयोगशाळा, संस्थेच्या समितीची परवानगी आणि शिकलेला माणूस शेजारी हवा. बर्ड फ्लूचा विचारही करू नका. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला कोंबड्यांत जो एच५एन१ आला, तशा विषाणूंना त्याहून वरच्या पातळीच्या प्रयोगशाळा लागतात. पण अर्क काढणं, त्याचा ठसा घेणं, पीएच जुळवणं, टॅनिन मोजणं, पेशींवरची विषारकता पाहणं हे तुमच्या विभागात होऊ शकतं. एवढं चोख करून आणलेला अर्क कोणतीही विषाणू प्रयोगशाळा आनंदाने हातात घेईल.

आमची आजी एक पाला देते. तपासायला काय पाठवू?

पुडीत चुरा पाठवू नका, त्यावरून झाड ओळखता येत नाही. फुलाचा किंवा फळाचा हंगाम येऊ द्या. मग पान, फूल, फळ एकाच डहाळीवर असेल अशी वीतभर डहाळी घ्या, वेल किंवा छोटं झुडूप असेल तर मुळासकट. वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा. एक-दोन पानं उलटी करा, म्हणजे पाठही दिसेल. वर जड पुस्तकं ठेवा आणि कागद रोज बदला, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. सोबत चिठ्ठी हवी : गाव, तालुका, तारीख, झाड कुठे उगवतं, बांधावर की ओढ्याकाठी, फुलाचा ताजा असतानाचा रंग, आणि गावातलं नाव.

तो पाला ओला देतात की वाळवून, पाण्यात की दुधात, उकळून की नुसता ठेचून, ताप चढताना की उतरल्यावर, आणि कोणाला द्यायचा नाही, हे सगळं आजीला विचारून तिच्याच शब्दांत लिहा. आम्ही अर्क काढायला बसतो तेव्हा पहिल्यांदा तीच चिठ्ठी उघडतो.